हजार पुस्तकांचे बाबूराव

एका बंगल्यातील तिजोरी रात्रीतून रिकामी झाली. दार मात्र आतून बंद! मग चोर आत आला कसा? उत्तर कळल्याशिवाय तुम्हांला झोप येईल का? वाचकाला असे जागे ठेवणाऱ्या कथेला मराठीत रहस्यकथा म्हणतात. तुमच्यापैकी काहींच्या घरी अब्बांनी किंवा चाचांनी जपून ठेवलेल्या उर्दू जासूसी कादंबऱ्या असतील. ही तीच जात.

मराठी रहस्यकथा म्हटली की पहिले नाव येते बाबूराव अर्नाळकर यांचे. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. 'अर्नाळकर' हे टोपणनाव. अर्नाळा हे वसईजवळचे समुद्रकाठचे गाव. गावाच्या नावाला 'कर' जोडून मराठीत असे नाव तयार होते. आपल्या धुळ्याचा तो धुळेकर. उर्दूत साहिर 'लुधियानवी' झाले, तसेच हे.

1936 ते 1984 या काळात बाबूरावांची एक हजाराहून अधिक पुस्तके प्रसिद्ध झाली. गिनीज बुकानेही त्याची नोंद घेतली. वहीत हिशेब करून पाहा: अठ्ठेचाळीस वर्षे, हजार पुस्तके. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ दोन! आपल्याला महिन्यातून दोन निबंध लिहायचे तरी पेन जड होते.

धनंजय हा त्यांचा हुशार गुप्तहेर. छोटू त्याचा साथीदार. झुंजार आणि काळापहाड ही नावे तर त्या वेळी मुलांच्या तोंडी असत. पुस्तके छोटी आणि स्वस्त होती. गल्लीतल्या लायब्ररीत ती भाड्याने मिळत. नुकतेच वाचू लागलेले लोकही ती एका बैठकीत संपवत.

तरीही मोठ्या समीक्षकांनी बाबूरावांना फारसे जवळ केले नाही. पालकही म्हणत, "असली पुस्तके वाचून मुले बिघडतात." इतक्या वेगाने लिहिताना सगळीच पुस्तके सारखी चांगली होणार नाहीत, हे मान्य. पण मुले बिघडतात, हे मला पटत नाही. कारण वर्गात मी रोज पाहतो. धडा वाचताना एक कठीण शब्द आला की मुलगा थांबतो, आणि थांबला की पुस्तक मिटतो. रहस्यकथेत तो थांबत नाही. चोर कोण हे कळायला हवे ना! दहा शब्द अडले तरी तो पुढे जातो, आणि त्यांतल्या पाच शब्दांचा अर्थ त्याला वाचता वाचताच कळतो.

उर्दूत हेच काम इब्ने सफी यांनी केले. त्यांचे नाव असरार अहमद, जन्म 1928, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावचा. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून हे 'इब्ने सफी'. 1952 साली अलाहाबादेत त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण त्यांचे वाचक दोन्ही देशांत राहिले. 1960 नंतर आजारपणामुळे सुमारे तीन वर्षे त्यांनी काही लिहिले नाही. वाचक वाट पाहत राहिले. 1963 मध्ये 'डेढ मतवाले' आली, तेव्हा तिच्यावर उड्या पडल्या. त्यांचे निधन 1980 साली झाले, बाबूरावांचे 1996 साली.

देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून धुळ्याच्या वाचनालयात गेलात, तर अर्नाळकरांचे पुस्तक मागून पाहा. पहिल्यांदा वाचताना शब्दकोश उघडू नका. दुसऱ्यांदा वाचताना अडलेले शब्द वहीत लिहा.

शब्दार्थ : टोपणनाव – क़लमी नाम; गुप्तहेर – जासूस; समीक्षक – नक़्क़ाद; उड्या पडणे – घेण्यासाठी गर्दी करणे.

स्वाध्याय : 1) बाबूरावांचे खरे नाव काय? 2) 'कर' लागून झालेली पाच आडनावे लिहा. 3) रहस्यकथा वाचून मुले बिघडतात का? घरी मोठ्यांना विचारा व त्यांचे मत पाच वाक्यांत लिहा.