मासा कुठे मिळेल? – कोकणातील नदी, खाडी आणि किनारा ओळखूया

गळ टाकून बसलेल्या माणसाला आपण नशीबवान किंवा कमनशिबी म्हणतो. खरं तर मासे मिळणं ही बरीचशी भूगोलाची आणि विज्ञानाची गोष्ट आहे. मासा पाण्यात कुठेही फिरत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात : प्राणवायू, अन्न आणि लपायला जागा. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात ती मासेमारीची चांगली जागा. आज आपण कोकणाच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

१. कोकणातलं पाणी

सह्याद्री आणि समुद्र यांच्यातली पट्टी अरुंद आहे. त्यामुळे वैतरणा, सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या लांबीने कमी, पण उताराने तीव्र आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात अनेक ठिकाणी नुसते डोह उरतात. मुखाजवळ समुद्राचं पाणी आत शिरतं, तिथे खाडी तयार होते. म्हणजे थोड्याशा अंतरात आपल्याला गोडं, मचूळ आणि खारं असं तीन प्रकारचं पाणी भेटतं. पाणी बदललं की मासाही बदलतो.

२. गोडं पाणी : डोह, वळण आणि सावली

उष्ण प्रदेशात एक नियम कायम लक्षात ठेवा. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी उथळ पाण्यात गळ टाकून उपयोग नसतो. मासा तेव्हा खाली थंडाव्याला गेलेला असतो.

मग बघायचं कुठे?

- खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे. दगडांवरून उसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळते आणि वाहून आलेले किडे खालच्या संथ पाण्यात येतात. प्राणवायूही आहे आणि अन्नही.
- वळणाच्या बाहेरच्या बाजूला. तिथे प्रवाह काठ कोरतो, त्यामुळे पाणी खोल असतं. आतल्या बाजूला वाळू साचते.
- झाडाच्या सावलीत. काठावरच्या उंबराची फळं पाण्यात पडतात, ती मासे खातात.
- गवत, चिखल असलेल्या संथ पाण्यात मरळ मिळतो. तो हवेतला प्राणवायूही घेऊ शकतो, म्हणून जिथे इतर मासे टिकत नाहीत तिथेही तो राहतो.

धरणाच्या जलाशयात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलेलं असतं. अशा जलाशयातली मासेमारी बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेली असते. तिथे आधी परवानगी विचारायची, मगच गळ काढायचा.

३. खाडी : दोन पाण्यांची भेट

खाडी म्हणजे माशांची बालवाडी! कांदळवनाच्या मुळांत पिल्लांना आसरा मिळतो आणि कुजणाऱ्या पानांवर पोसलेले बारीक जीव त्यांचं खाद्य होतात. बोय, शिंगाळा, काळुंदर, कोळंबी, खेकडे, आणि रायगडकरांचा लाडका जिताडा, हे सगळे इथले.

इथे सगळा खेळ भरती-ओहोटीचा. पाणी चढायला लागलं की मासा कांदळवनाकडे सरकतो, उतरायला लागलं की छोट्या नाल्यांच्या तोंडातून मोठ्या प्रवाहात येतो. त्यामुळे ओहोटीच्या सुरुवातीला नाल्याचं तोंड ही उत्तम जागा. जुने लोक पाग टाकायला तिथेच उभे राहतात, ते उगाच नाही.

४. किनारा आणि तिथीचं गणित

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक सोपी रीत आहे : *तिथीची पाऊणपट करा.*

समजा आज चतुर्थी आहे. 4 × ¾ = 3. म्हणजे दुपारी आणि पहाटे सुमारे 3 वाजता पूर्ण भरती. साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी 9 वाजता, पूर्ण ओहोटी. एकादशीला 11 × ¾ = 8¼, म्हणजे सव्वाआठ. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. हा ढोबळ अंदाज आहे. खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाण्याची हालचाल कमी. उधाणाच्या ओहोटीला किनाऱ्यावर फेरी मारून कातळातल्या घळी, खड्डे, वाळूतले चर बघून ठेवावेत. भरतीला मासा त्याच वाटेने येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं. वरच्या उदाहरणात ते दोन तास 11 ते 1 हे आहेत. सकाळी 9 वाजता कोरड्या दिसणाऱ्या कातळावर गेलेला माणूस 11 च्या आत परत फिरला नाही, तर मागची वाट पाण्याखाली जाते. गळाला मासा लागत असतानाच नेमकी ही वेळ येते! म्हणून जाण्याआधी परतीची वेळ ठरवा, घरी सांगून जा, एकटे जाऊ नका.

आणखी काही धोके :
- वाशिष्ठीत मगरी आहेत. नदीकाठी स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.
- धरणाखाली पाणी अचानक सोडलं जातं. भोंगा वाजला की लगेच वर यायचं.
- शिंगाळ्याचा काटा विषारी असतो. गरी काढताना मासा फडक्यात धरा.

५. कुठे आणि केव्हा पकडू नये?

पहिल्या पावसात नदीतले मासे ओढ्यातून, भातखाचरांतून वर चढतात. हेच आपले चढणीचे मासे. पकडायला अगदी सोपे, पण त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात अंडी असतात. ओढा आडवा अडवून सगळेच काढले, तर पुढच्या वर्षी नदीत काय उरणार? समुद्रातही याच कारणासाठी जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत, तसंच वाडा तालुक्यात वैतरणेवरच्या तिळसे इथे देवाचे मासे म्हणून महसीर राखले जातात. तिथे कोणी गळ टाकत नाही. एक डोह राखला की आसपासच्या नदीलाही बीज मिळतं.

थोडक्यात, चांगली जागा शोधता येणं हे अर्धं शिक्षण. ती जागा पुढच्या वर्षीही चांगली राहील असं वागणं, हे उरलेलं अर्धं.

स्वाध्याय

१. उन्हाळ्यात दुपारी उथळ पाण्यात मासे का मिळत नाहीत?
२. आज अष्टमी असल्यास भरती-ओहोटीच्या वेळा काढा. कातळावरून किती वाजण्यापूर्वी परतावे?
३. नदीच्या वळणाची आकृती काढून खोल बाजू दाखवा.
४. उपक्रम : घरातल्या किंवा गावातल्या जाणत्या व्यक्तीला विचारून तुमच्या परिसरातील पाच माशांची स्थानिक नावे, त्यांचे ठिकाण आणि हंगाम यांचा तक्ता तयार करा.