कुटुंब पाठ : कर्ज काढण्याआधीचा हिशेब



आपल्या जवळा बाजारच्या मोंढ्यात ऑक्टोबरात सोयाबीन येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून एप्रिल-मे महिन्यांत विक्रीला जाते. म्हणजे शेतावर चालणाऱ्या घरात मोठा पैसा वर्षातून दोनदाच येतो. खर्च मात्र बारा महिने असतो. किराणा, शाळेची फी, खते, दवाखाना, मार्चअखेरची घरपट्टी यांपैकी काहीच थांबत नाही. या मधल्या ओढाताणीच्या महिन्यांतच कर्ज घरात शिरते. म्हणून आज कर्जाविषयी थोडा विचार करू या.

हे आम्ही दुरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी आजारपण आले. हळद निघायला चार महिने होते. आम्ही ओळखीच्या एकाकडून ५०,००० रुपये तीन रुपये शेकड्याने उचलले. 'महिन्याला दीड हजार तर आहे' एवढेच डोक्यात होते. त्या वर्षी हळदीला भाव नव्हता, म्हणून आणखी थांबलो. सोळा महिन्यांनी मुद्दल परत केले तेव्हा व्याजच २४,००० रुपये झाले होते. नंतर कळले की आमच्या सूनबाईंच्या बचत गटात तेव्हा पैसे शिल्लक होते. आम्ही तिला विचारलेच नव्हते. त्या अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी येथे देत आहोत.

१. व्याज वर्षाचे मोजा

शेकड्याचा दर महिन्याचा असतो, बँकेचा दर वर्षाचा. दोन्हींची तुलना करायची तर शेकड्याला बाराने गुणा. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के, पाच रुपये शेकडा म्हणजे ६० टक्के.

दुसरी फसगत 'फ्लॅट' व्याजाची होते. समजा, ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले. व्याज ९,६०० रुपये, एकूण परतफेड ४९,६०० रुपये, महिन्याचा हप्ता सुमारे २,०६७ रुपये. दर हप्त्याला मुद्दल कमी होत जाते, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ४०,००० वरच लागते. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजले तर हा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून 'दर किती?' एवढे विचारून थांबू नका. 'फ्लॅट की घटत्या शिलकीवर?' आणि 'शेवटपर्यंत एकूण किती भरायचे?' हेही विचारा.

२. कागद वाचल्याशिवाय सही नको

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते रोखे हिसकावून जाळले गेले. आपण कशावर अंगठा दिला हे वाचता न येणारे त्यांच्यात पुष्कळ होते. आज आपल्याला वाचता येते, तरीही आपण न वाचता सही करतो.

गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण द्यायचे असते. घरातील सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज व इतर आकार दाखवणारा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करण्यास मनाई आहे, धमकी व शिवीगाळ यांनाही मनाई आहे.

सावकाराकडे परवाना असावा लागतो. शासनाने २०१४ साली शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के अशी मर्यादा ठरवून दिली. बेकायदेशीर सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी, व्यवहाराला पंधरा वर्षे झाली नसतील तर, सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

३. हप्ता पिकाशी जुळवा

हळदीवर फेडायचे कर्ज आठवड्याच्या हप्त्याने घेतले, तर पहिल्याच महिन्यात दुसऱ्याकडे हात पसरावा लागतो. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढले, की गाठ सुटत नाही. शेतीच्या खर्चासाठी आधी पीक कर्जच पाहा. ३ लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर केंद्र व राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की ही सवलत जाते. म्हणून नवे-जुने करण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मात्र पीक कर्जाचे पैसे लग्नात गेले, तर पेरणीला पुन्हा शेकड्याने घ्यावे लागतात.

४. दवाखान्याची तयारी आधी

आमच्याप्रमाणे अनेकांचे कर्ज आजारपणातून सुरू होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवर, योजनेतील रुग्णालयांत, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी रेशन कार्डावरील नावे आताच नीट करून घ्या. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा (वय १८ ते ७०) आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा (१८ ते ५० या वयात घेता येतो) मिळतो. हप्ता मेअखेरीस कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक हवी. वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हेही तपासा.

५. एकमेकांना आधार

वसईच्या कॅथॉलिक शेतकऱ्यांनी १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने एक पतसंस्था काढली. तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. थोड्या थोड्या बचतीतून आपल्याच माणसांची गरज भागवणे, हेच आपल्या भगिनींचे बचत गटही करीत आहेत. गटाच्या बैठकीला जाणाऱ्या भगिनीला घरातल्या पैशाच्या निर्णयात मात्र आपण किती वेळा विचारतो?

या आठवड्याचा अभ्यास

एका संध्याकाळी घरातील सर्व मोठ्यांनी एकत्र बसावे. एका वहीत प्रत्येक कर्जाची शिल्लक, वर्षाचा व्याजदर आणि शेवटची तारीख लिहावी. हातउसने व गहाण ठेवलेले सोनेही लिहावे. ज्याचा दर सर्वांत जास्त, ते आधी फेडायचे ठरवावे. कोणी गुपचूप काढलेले कर्ज त्या वेळी सांगितले, तर त्याच्यावर रागावू नये. लपवलेल्या कर्जाचे व्याजही चालूच असते. ते सांगून टाकले, तर फेडायला घरातले सगळे हात लागतात.