पिल्लाचे तोंड उघडून पाहा



बाजारात बैल घेताना आपण आधी त्याचा ओठ वर करतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळला आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. पण राखणीला कुत्र्याचे पिल्लू आणले तर त्याच्या तोंडात कोण पाहतो? भिवंडीचे गोदाम असो की आपली मळ्यातली वस्ती, जबडा नीट बसत नसेल तर पिल्लाला खाताना त्रास होतो. आपण म्हणतो, "पिल्लूच किडकं निघालं!"

दात केव्हा येतात? दुधाचे २८ दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात व साधारण दोन महिन्यांत पुरे होतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात. सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात.

नीट जबडा कसा ओळखावा? तोंड मिटून ओठ वर करा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे, कात्रीच्या पात्यांसारखे टेकलेले हवेत. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढच्या फटीत बसला पाहिजे.

दोष कोणते?

१) खालचा जबडा आखूड : दुधाचे सुळे सुईसारखे टोकदार असतात. ते टाळूत रुततात, जखम होते. शिवाय दात खड्ड्यात अडकल्याने, खुंटीला दावे अडकावे तसा, खालचा जबडा पुढे वाढायचा अडतो. अशा वेळी डॉक्टर भूल देऊन ते दुधाचे सुळे काढतात. मग जबडा वाढायला मोकळा होतो. प्रत्येक पिल्लात तो पुरता सुधारेलच असे नाही, पण टाळूची जखम तरी थांबते. हे काम दोन-तीन महिन्यांच्या वयातच करावे लागते.

२) खालचा जबडा पुढे : पग, बॉक्सर यांची ठेवणच तशी असते. आपल्याकडच्या कारवान किंवा मुधोळ कुत्र्यात मात्र तो दोष समजावा.

३) एका जागी दोन दात : कायमचा दात आला तरी दुधाचा पडत नाही. नवा दात वाकडा होण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

घरी पकडीने दात उपटू नका. दुधाच्या सुळ्याचे मूळ लांब असते आणि शेजारीच कायमच्या दाताचा कोंब असतो. मूळ आत मोडले किंवा कोंब दुखावला तर नुकसान कायमचे.

बेणे चांगले हवे. रोगट उसाचे बेणे आपण लावत नाही. जबड्याचे बरेच दोष वंशातून येतात. म्हणून पिल्लू घेताना जमल्यास आई-बापाचे तोंड पाहा आणि दोष असलेल्या कुत्र्यापासून पैदास करू नका.

वेगळी खेप मारायला नको. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू पहिल्या लसीला न्याल, तेव्हाच "डॉक्टर, जरा दातही बघा," म्हणा. पुढे चौथ्या व सातव्या महिन्यात पुन्हा पाहा. भिवंडीकरांना परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १८८६) जवळ आहे. आपल्या ऊसपट्ट्यात शिरवळ, उदगीर व परभणी येथे अशी महाविद्यालये आहेत.

राखण वर्षानुवर्षे करून घ्यायची आहे. तोंड पाहायला दोन मिनिटे पुरतात.