ट्रेकिंग सायकल : भाग आणि त्यांचे काम



"सायकल ती सायकल, तिच्यात शिकायचं काय?" असे कोणीही म्हणेल. पण मुलाला-मुलीला गिअरची सायकल घ्यायची म्हटली की हजारोंचा प्रश्न येतो. म्हणून युरोपात, विशेषतः जर्मनीत, रूढ असलेल्या ट्रेकिंग सायकलीची माहिती येथे देत आहोत. रोजची ये-जा आणि सामानासह लांबचा प्रवास, अशी दोन्ही कामे ती करते.

चाक : हे २८ इंची म्हणतात. आपल्या काळ्या सायकलीचेही २८ इंचीच. पण फसगत इथेच होते! काळ्या सायकलीच्या २८ × १½ टायरची बैठक ६३५ मिलिमीटर, तर हिची ६२२. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. टायरवर ४०-६२२ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा बैठकीच्या व्यासाचा. दुकानात तेच सांगावेत.

गिअर : साखळी पुढे ४४ व मागे २२ दात्यांवर असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते, सायकल सुमारे ४.४ मीटर जाते. दोन्हीकडे २८ दाते असतील तर चाक एकदाच फिरते. अंतर निम्मे, पण जोरही निम्माच लागतो. चढाला हाच गिअर. तो चढ लागण्याआधी, पायडल हलके फिरवत बदलावा. ऐन चढावर कचकन ओढला, की साखळी उतरलीच म्हणून समजा.

साखळी : एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर हवी. अर्धा सूत वाढ दिसली की साखळी बदलावी. नाहीतर ती दाते खाते आणि खर्च वाढतो.

ब्रेक : डिस्क ब्रेक चिखल-पावसातही चांगला धरतो. दोन्ही ब्रेक एकदम, पण बेताने दाबावेत.

कॅरिअर : किती किलो चालते ते त्यावर लिहिलेले असते. ओझे दोन्ही बाजूंना सारखे आणि खाली टांगावे.

दिवा : पुढच्या चाकाच्या हबमध्येच ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनॅमो असतो. बऱ्याच दिव्यांत सायकल थांबल्यावरही थोडा वेळ उजेड राहतो.

गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. मागच्या ड्रायव्हरला आपले पोर दिसलेच नाही, तर महागडे गिअर काय कामाचे? पैसे कमी पडले तर दोन गिअर कमी घ्या. ब्रेक, मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर यांत मात्र काटकसर करू नका. काळ्या सायकलीलाही हे आजच लावता येते.