बक्षिसाचा मनावर होणारा परिणाम

कापसाची वेचणी किलोवर द्यावी कीं रोजावर, हा प्रश्न दर हंगामांत कापूस पेरणाऱ्या शेतकऱ्यापुढें उभा राहतो. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही घरची शेती पाहूं लागलों, त्या पहिल्या वर्षीं आम्हीं वेचणी किलोवर दिली. काम झपाट्यानें उरकलें, याचा आनंदहि झाला. परंतु माल विक्रीस नेला तेव्हां व्यापाऱ्यानें मूठभर कापूस उचलून त्यांतील पानांचा चुरा, कवडी व दंवाची ओल दाखविली आणि भाव पाडला. आम्हीं मजुरांस बोल लाविला. मागाहून विचार करितां दोष आमचाच दिसला. पैसे आम्हीं वजनाचे दिले, म्हणून वजनच पदरांत पडलें.

ज्या कृतीचें फळ गोड लागतें ती कृति पुन्हां घडते, हा मनाचा साधा नियम आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८९८ सालीं यासंबंधीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलेलें मांजर पेटींत कोंडून तो बाहेर खाद्य ठेवी. मांजर प्रथम वाटेल तसें ओरबाडी. एखादे वेळीं नकळत खटका दाबला जाऊन दार उघडे. असें वारंवार होतां होतां निरर्थक धडपड कमी झाली व बाहेर पडण्यास लागणारा वेळ घटत गेला.

पुढें मेंदूंतील व्यवहारहि कळूं लागला. वुल्फ्राम शुल्ट्झ व त्यांचे सहकारी यांनीं माकडांच्या मेंदूंतील डोपामाइन नांवाचें द्रव्य सोडणाऱ्या पेशींची हालचाल मोजली. माकडास अवचित फळाचा रस मिळाला कीं त्या पेशी जोरानें चेतत. रसाच्या आधीं ठराविक खूण होते हें माकड शिकलें, कीं पेशी खुणेलाच चेतत. रस आला तरी त्यांस कांहीं विशेष वाटत नसे. खूण होऊनहि रस न आला, तर त्यांची हालचाल नेहमींपेक्षां मंदावे. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत याचा अर्थ असा लाविला कीं, या पेशी मिळालेल्या वस्तूचें मोल सांगत नाहींत. अपेक्षा आणि प्राप्ति यांतील फरक सांगतात. सालदारास दरसाल दिवाळीला दिलेलें कापड दोन-तीन वर्षांत हक्काचें कां वाटूं लागतें, आणि एक वर्ष चुकलें तर मन कां दुखावतें, हें समजण्यास यावरून मदत होते.

बक्षीस भलत्याच गोष्टीस जोडलें तर काय होतें, याचें उदाहरण हनोई शहराचें आहे. १९०२ सालीं प्लेगच्या भीतीनें तेथील फ्रेंच सरकारनें उंदीर मारण्याबद्दल इनाम लाविलें, आणि पुरावा म्हणून केवळ शेपूट मागितली. शेपट्यांचे ढीग आले. परंतु शहरांत बिनशेपटीचे उंदीर हिंडतांना दिसूं लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत; कित्येकांनीं तर उंदीर पाळलेहि. इनाम अखेर बंद करावें लागलें.

दुसरी गोष्ट वेळेची. हातचें लहान सुख मनास दूरच्या मोठ्या लाभापेक्षां मोठें भासतें. पश्चिम केनियांत मका पिकविणारे शेतकरी खत घालण्याचा निश्चय करीत, पण हंगाम येईतों पैसा उरत नसे. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन यांनीं तेथें केलेल्या प्रयोगाचें वृत्त २०११ सालीं प्रसिद्ध झालें. कापणी होतांच, पैसा हातीं असतांना, ‘आतां पैसे भरा, खत घरपोंच फुकट मिळेल’ असें शेतकऱ्यांस सांगितलें. एवढ्या लहानशा सवलतीनें खताचा वापर जितका वाढला, तितकाच तो वाढविण्यास हंगामाच्या वेळीं जवळ जवळ निम्म्या किंमतीची सूट द्यावी लागली असती.

आमच्या घरींहि हेंच घडलें होतें. दिवाळीनंतर आलेला पैसा लग्नकार्यांत व किरकोळ खरेदींत गेला, आणि मृगाच्या तोंडावर खत उधारीवर, चढ्या दरानें घ्यावें लागलें. आतां मालाची पट्टी हातीं येतांच खताबियाण्याचा पैसा आम्ही निराळा काढून ठेवतों.

सारांश, वाचकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जें हवें त्याचेंच मोल द्यावें. मोल कामाच्या जवळ द्यावें, वर्षाअखेर नव्हे. आणि जें नेमानें देणार असाल तें चुकवूं नये. आमच्या शेतांत आतां वेचणीचा दर किलोवरच आहे. परंतु दंव उतरल्यावांचून वेचणी सुरू होत नाहीं, आणि सायंकाळीं प्रत्येकीचें गाठोडें तिच्यादेखत उघडून स्वच्छ मालास किलोमागें जादा पैसे तेथल्या तेथें देतों. त्यायोगें वेचणीचा खर्च थोडा वाढला. परंतु कापसाचा भाव पुन्हां पडला नाहीं, आणि मजुरांशीं वादहि उरला नाहीं.