छातीवरील डाग आणि जुन्या फोटोचे मोल

छातीच्या फोटोत 'डाग' आहे, असे डॉक्टरांनी सांगताच घरावर अवकळा पसरते. कोणी तो क्षयच असे समजून निर्धास्त होतो, तर कोणी कर्करोग ठरवून धीर सोडतो. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, असे सांगितले. तो विवेक येथेही आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या भागाचा क्षयाशी संबंध जुना आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उभारले. पुढे वान्लेसवाडीस क्षयरुग्णांसाठी आरोग्यधामही झाले. क्षय बरा झाला तरी फुफ्फुसात त्याचा व्रण राहतो आणि तो पुष्कळदा गाठीसारखा दिसतो.

साध्या फोटोत केवळ सावली दिसते. सीटी स्कॅनमध्ये तिचे एकेक पातळ काप पाहता येतात. गाठीच्या कडा गुळगुळीत असतील, मध्यभागी वा संपूर्ण गाठीत चुना साचला असेल, अथवा आत चरबी असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते. कडांतून काटे फुटल्यासारखे दिसत असतील, आकार ३ सेंटिमीटरहून मोठा असेल वा वाढत असेल आणि रुग्ण धूम्रपान करणारा असेल, तर संशय बळावतो. पेट स्कॅनमध्ये कर्करोगाची गाठ उजळते. परंतु सक्रिय क्षयाची गाठही तशीच उजळते. म्हणून संशय उरल्यास गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

इतिहासाच्या तासाला आम्ही सांगतो की, एकाच कागदावरून निष्कर्ष काढू नये. तो आधीच्या कागदाशी ताडून पाहावा. क्ष-किरणतज्ज्ञही हेच करतात. भरीव गाठ दोन वर्षांत वाढली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी ठरते. याची साक्ष जुना फोटोच देतो, आणि नेमका तोच दिवाळीच्या साफसफाईत आपण रद्दीत टाकतो!

उलट बाजूही ध्यानी घ्यावी. थुंकीची तपासणी न करता केवळ सावली पाहून क्षयाची औषधे महिनोन्महिने चालू राहिली आणि मूळ रोग कर्करोग निघाला, तर शस्त्रक्रियेची वेळ हातची जाते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे : जातीचा दाखला जपतो, तसेच आई-वडिलांचे जुने फोटो व अहवाल पेटीत जपून ठेवावेत आणि तपासणीस जाताना सोबत न्यावेत. भीतीपोटी दवाखाना टाळू नये. निदान पुराव्यावरच व्हावे.

जय भीम!