टोकदार कमान आणि माझी केटी

चर्च म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं चॅपल येतं. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली. रोज सकाळी डोळे मिटून प्रार्थनेला उभी राहायचे, त्यामुळे वरच्या कमानी टोकदार का, हा प्रश्न कधी पडलाच नाही! तो पडला सिव्हिलला आल्यावर, तेही थिअरी ऑफ स्ट्रक्चर्सला केटी लागल्यावर. पेपरात कमानीचं गणित आलं आणि सूत्र पाठ असूनही मी गडबडले. मग ठरवलं, खरी कमान एकदा नीट बघायची. सुट्टीत कुलाब्याचं अफगाण चर्च गाठलं.

याचं मूळ नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) मरण पावलेल्यांचं हे स्मारक. १८५८ मध्ये चर्च खुलं झालं आणि उंच निमुळता मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. शैली गॉथिक रिव्हायव्हल. म्हणजे मध्ययुगात युरोपात ज्या पद्धतीने चर्च बांधत, तीच एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नव्याने आली आणि तिथून मुंबईत. या चळवळीतल्या प्युगिन नावाच्या आर्किटेक्टने १८४१ मध्ये आग्रहाने मांडलं होतं की सोय, बांधकाम किंवा औचित्य यासाठी लागत नाही अशी एकही गोष्ट इमारतीत नको.

मग टोकदार कमान कशाला लागते? मित्रांनो, भिंतीला टेकवलेली शिडी आठवा. शिडी जितकी तिरकी, तितका तिचा पाय घसरतो. उभी केली की कमी घसरतो. कमानीचंही तसंच. वरचं वजन तिचे पाय बाहेर ढकलतं. कमान जितकी उंच, तितका हा आडवा जोर कमी.

आता आपलं थ्री-हिंज्ड कमानीचं सूत्र घ्या (दगडी कमानीसाठी हा अंदाजच आहे): आडवा जोर = भार × स्पॅन × स्पॅन ÷ (८ × राइज). स्पॅन ६ मीटर, भार दर मीटरला २० किलोन्यूटन धरू. अर्धगोल कमानीचा राइज ३ मीटर, म्हणून जोर ३० किलोन्यूटन. समभुज त्रिकोणावर काढलेल्या टोकदार कमानीचा राइज सुमारे ५.२ मीटर, म्हणून जोर साधारण १७.३ किलोन्यूटन. दगड तोच, रुंदी तीच, पण जोर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी! शिवाय अर्धगोल कमानीत रुंदी ठरली की उंचीही ठरते. टोकदार कमानीत उंची आपल्या हातात राहते.

चर्चच्या आत मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना अशा कमानींच्या रांगा आहेत. शेजारच्या दोन कमानी एकमेकींना उलट ढकलतात, म्हणून मधले खांब बारीक असले तरी चालतात. प्रश्न येतो रांगेच्या टोकाला. तिथे ढकलणाऱ्याला अडवायला शेजारीण नसते, म्हणून तिथे जाड भिंत किंवा बट्रेस, म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेला दगडी टेकू, लागतो. मी पेपरात नेमकी हीच टोकाची कमान विसरले होते. माझे मार्क गेले. इथे कोणी विसरलं असतं तर भिंत गेली असती.

हे चर्च कोणी डिझाइन केलं माहीत आहे? हेन्री कॉनिबेअरने. मुंबईला विहार तलावाचं पाणी देणारी योजना आखणारा इंजिनिअर तोच. धरण पाण्याचा आडवा जोर अडवतं, चर्चची भिंत कमानीचा. हे कळलं तेव्हा चर्चमध्ये बसल्या बसल्या हसू आलं.

निघताना भिंतींवरच्या स्मरणपाट्या वाचल्या आणि जरा गप्प झाले. इतक्या मृतांची आठवण या कमानी दीडशेहून अधिक वर्षं उचलून उभ्या आहेत.

परीक्षा पुन्हा द्यायचीच आहे. पण आता सूत्र पाठ करणार नाही. डोळे मिटून शिडी आठवणार आणि मग डोळे उघडे ठेवून गणित सोडवणार.